कायरोप्रॅक्टिकचं २४ सिटिंगचं पॅकेज: सात महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या मंगळवारी जेवायला बसलो होतो, मोबाईल वाजला. "डिअर सर, आपल्या पॅकेजची मुदत संपली असून उरलेल्या ९ सिटिंग रद्द झाल्या आहेत. रिन्यू करण्यासाठी रिप्लाय करा." नऊ सक चोपन्न, म्हणजे पाच हजार चारशे रुपये गेले. भाजीत मीठ जास्त झालंय हे मला त्या दिवशी कळलंच नाही. गेले तीन महिने लिहीन-लिहीन म्हणत होतो, आता लिहितोच.

ज्यांची कंबर गेलीय त्यांना एल-४, एल-५ हे कमरेच्या मणक्यांचे नंबर पाठ असतात, त्यामुळे ती बाराखडी नको. माझी केस अशी: वय ४७, नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर, दिवसाचे सात तास स्टुलावर वाकून मायक्रोमीटर धरायचा. दिवाळीच्या साफसफाईत बॉक्सच्या पलंगातून कापसाची जाड गादी ओढून काढताना कमरेत खट्‌कन काहीतरी झालं. 'गादी काढताना गादी सरकली' हा विनोद कंपनीत प्रत्येकाने स्वतःला सुचल्यासारखा एकदा केलेला आहे. तुम्ही करू नका.

दोन दिवस कंबर धरली. मग कंबर जरा सुटली आणि कळ खाली उतरली. डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने, पोटरीवरून, पावलाच्या वरच्या अंगाने थेट अंगठ्यात. शिंक आली की आधी कठडा शोधायचो. सिडकोतून कंपनीत स्कूटरवर जाताना कुठला खड्डा नवीन पडला, ते अंगठा सांगायचा.

आईचं निदान तयार होतं. "अरे, उसण भरलीय तुला. पंचवटीत त्या पायाळू आजी आहेत, त्यांचा पाय लावून घे. नारळ आणि अकरा रुपये." मी म्हटलं, आई, मी सायन्सवाला माणूस आहे. आणि रील्समध्ये पाहून गंगापूर रोडवरच्या एका कायरोप्रॅक्टिक (म्हणजे मणके हाताने दाबून, मोडून उपचार) क्लिनिकमध्ये गेलो. एसी वेटिंग रूम, लिंबाचं पाणी, २४ सिटिंगचे १४,४०० रुपये ॲडव्हान्स. पाठीमागच्या बारीक अक्षरातली 'सहा महिने मुदत' ही ओळ मी वाचली नाही. कंपनीत सप्लायरची चूक बारीक अक्षरात पकडून देणारा माणूस मी.

आता मुद्द्याचं. म्हणजे टिश्यूचं.

त्या टेबलावर पालथं झोपायचं असतं, तोंड एका भोकात घालायचं. भोकावर हातभर कागद अंथरतात, मध्ये फाडतात. या कागदाचे दर वेळी ३० रुपये वेगळे, पावतीवर नाव 'हायजीन चार्जेस'. पॅकेजमध्ये धरलेलं नाही. त्या रोलवर किती मीटर आहे ते छापलेलं असतं, मी पालथा पडून वाचलंय, कारण रोल बरोबर नाकाखाली टांगलेला असतो. कुठूनही हिशोब करा, ३० रुपये बसत नाहीत. सहा वेळा दिले, १८० रुपये झाले. सातव्या वेळी घरून धुतलेला पंचा नेला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, पॉलिसी आहे." मी म्हटलं, पॉलिसी स्वच्छतेची आहे ना? हा पंचा काल गरम पाण्यात उकळलाय, तुमचा कागद कोणी उकळला? आत विचारून आली. पंचा मंजूर झाला. या क्लिनिकशी झालेल्या व्यवहारात मी जिंकलो तो हा एकमेव.

उपचाराचं सांगतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी (फिजिओथेरपीची डिग्री आहे, कायरोप्रॅक्टिकचं सर्टिफिकेट नंतर केलेलं, भिंतीवर दोन्ही आहेत, मी दोन्ही वाचली) एक्स-रे पाहून 'गॅप कमी झालीय' म्हणून सांगितलं. प्लास्टिकचा मणका हातात घेऊन लाल रबरी गादी अंगठ्याने आत दाबून दाखवली, "आपण हिला अशी जागेवर बसवणार." छान वाटलं ऐकायला. पण हे खरं नाही, आणि माझा सगळा राग तिथे आहे, टिश्यूनंतरचा. दोन मणक्यांमधली ही गादी, म्हणजे चकती, वर-खाली दोन्ही हाडांना घट्ट चिकटलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही आणि बोटाने ढकलली तर परत बसतही नाही. बाहेरून तंतूंची कडी, एकावर एक, आत मऊ गर. कड्यांना चीर गेली की गर फुगतो किंवा बाहेर येतो, शेजारच्या नसेला दाबतो आणि त्या गरामुळे नसेला सूजही येते. कळ त्या नसेची असते. एक्स-रेत हाडं दिसतात, चकती दिसत नाही. मग 'गॅप' बघून कोणती गादी कुठे गेली हे कसं कळलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

मला खरं म्हणजे 'कड्‌' हवं होतं. रील्समध्ये माईक लावून ऐकवतात ते. माझ्या वाट्याला आलं ते वेगळंच. पाय बांधून टेबलाचा खालचा अर्धा भाग हळूहळू खाली-वर झुलवायचा, कंबर ताणली जाते, सुटते, ताणली जाते. डिस्कवाल्यांना जोरात मोडत नाहीत, हे त्यांचं बरोबरच होतं. मला मात्र पैसे वाया गेल्यासारखं वाटत होतं. चौथ्या सिटिंगला त्यांनी पाठीच्या वरच्या भागात दाब दिला आणि आला एकदाचा तो आवाज. तो आवाज गादी बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ साली बोटं मोडताना एमआरआय काढून हे पाहिलं. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मात्र गंगापूर रोडवरून सिडकोपर्यंत स्कूटरवर गाणं म्हणत आलो. येताना पेढे घेतले. कंपनीतल्या दोघांना पत्ता दिला. त्यांची माफी मागून झालीय.

त्या संध्याकाळी मुलीने पाय मोजला. हे जरा सांगावं लागेल. उताणं झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा आणि कळ कुठे सुरू होते ते पाहायचं, ही टेस्ट सगळेच डॉक्टर करतात. माझी मुलगी नववीत आहे. कंपासमधला कोनमापक छोटा पडतो म्हणून तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठं अर्धवर्तुळ आखून पलंगाशेजारच्या भिंतीला चिकटवलं. पहिल्या दिवशी २५ अंश. चौथ्या सिटिंगच्या संध्याकाळी ४५. "बाबा, वीस अंशांनी वाढलं!" तिसऱ्या दिवशी सकाळी परत ३०. पुढच्या सिटिंगला पुन्हा तेच, संध्याकाळी वर, परवा खाली. दीड दिवसाचा आराम मिळायचा, हे नाकारत नाही. रात्रभर कुशी बदलणाऱ्या माणसाला दीड दिवस म्हणजे पुष्कळ. ज्याने दिला त्याला शिव्या घालणार नाही.

इथवर लिहिलं तेव्हा पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरवलं होतं. पण आठव्या सिटिंगचं लिहिल्याशिवाय ते अन्यायाचं होईल.

आठव्या वेळी गेलो. पंचा अंथरत होतो, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "सर, जरा टाचांवर चालून दाखवा." उजवं पाऊल वर, डावं पाऊल पुढून लोंबतंय. त्यांनी डाव्या अंगठ्यावर बोट ठेवलं, "वर उचला." उचलला, पण त्यांच्या एका बोटाने तो खाली गेला. उजवा दोन हातांनीही जाईना. मला स्वतःला पत्ता नव्हता. घरात चप्पल सारखी निसटते ती जुनी झालीय म्हणून, असंच धरून चाललो होतो. त्यांनी टेबल चालूच केलं नाही. म्हणाले, "आज मी पाठीला हात लावणार नाही. नसेची ताकद कमी होतेय. आज एमआरआय करा आणि उद्या स्पाईन सर्जनला दाखवा." आणि विचारलं, लघवी अडते का, बसतो त्या जागेला बधिरपणा आहे का, दोन्ही पायांत अशक्तपणा आहे का. यातलं काही झालं तर उद्याची वाटही पाहायची नाही, रात्रीच कॅज्युअल्टी गाठायची, असं दोनदा बजावलं. पुढे सर्जननेही शब्दाला शब्द तेच विचारलं. लघवीच्या आणि त्या जागेच्या नसा कायमच्या जाऊ शकतात, म्हणून.

रिसेप्शनवर आलो तर मुलीने कार्डावर आठवा चौकोन पंच केला. मी म्हटलं, अहो, आज काही केलंच नाही. "सर, स्लॉट युज झालाय."

म्हणजे १५ सिटिंगमध्ये जी एक खरी पैसा वसूल होती, ती काहीच न केलेली. आणि तिचेच पैसे लावल्याबद्दल मी अजून भांडतोय. बायको म्हणते, "अहो, त्या माणसाने तुमचा पाय वाचवला, आणि तुम्ही सहाशे धरून बसलात." दोन्ही खरं असू शकतं.

एमआरआयमध्ये एल-४ एल-५ला डावीकडे गर बाहेर, डावी एल-५ नस दाबलेली. सर्जन ऑपरेशनची घाई करतील म्हणून मी बहीण-भावांना फोन करून पैशांची जुळवाजुळव ठेवली होती. ते म्हणाले, ताकद थोडीच कमी आहे, थांबू, दर आठवड्याला अंगठा दाखवा, उतरली तर लगेच करू. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, बऱ्याच जणांत, आणि जो तुकडा जास्त सुटलेला तो उलट जास्त विरघळतो. मला ही थाप वाटली. थाप नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं: रिपोर्टमधल्या बाकीच्या दोन 'बल्ज'कडे, म्हणजे चकतीच्या फुगवट्यांकडे, बघूच नका. २०१५ साली काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित हिशोब छापून आला होता, त्यात पन्नाशीच्या लोकांत ६० टक्क्यांना बल्ज निघाला. म्हणजे आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांचा एमआरआय काढला, तर निम्मा स्टाफ गोदाम विभागात पाठवावा लागेल.

मधले तीन आठवडे सिटिंग बंद. गोळ्या, गोदापार्कला सकाळ-संध्याकाळ चालणं, फिजिओने दिलेले व्यायाम. उठल्यावर तासभर खाली वाकायचं नाही, कारण रात्रभर चकती पाणी पिऊन टम्म झालेली असते. स्टुलावर पुढे वाकून बसणं बंद. वाकून बसलं की चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो, हे नाकेम्सन नावाच्या स्वीडिश सर्जनने १९६०च्या दशकात चकतीत सुई घालून मोजलंय. मी मायक्रोमीटरचं टेबल सहा इंच उंच करून घेतलं. त्याचा खर्च कंपनीने केला.

सर्जनने परवानगी दिल्यावर नवव्यापासून पंधराव्यापर्यंत परत गेलो, फक्त तो झुलता टेबल आणि व्यायाम. मान मोडून घ्यायला नकार दिला, 'कॉम्प्लिमेंटरी आहे सर' म्हणाले तरी. मान झटक्याने फिरवण्यानंतर मानेतली धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या केसेस आहेत. क्वचित आहेत, पण माझी मान दुखत नव्हती. फुकट आहे म्हणून घ्यायचं, इतका मी कंजूष नाही.

मार्चमध्ये पाय ८० अंशांवर गेला. अंगठा दोन्ही हातांना पुरून उरतो. मुलीने सगळे आकडे तिच्या वहीत ग्राफवर टाकले आणि तो ग्राफ मी कंपनीत असल्यासारखा बघत बसलो. रेषा नोव्हेंबरपासून सारख्याच चढाने वर जाते. सिटिंगचे आठवडे कुठले आणि बंद असलेले तीन कुठले, हे तारखा झाकल्या तर मला ओळखता येईना. सिटिंगच्या दिवशीचे छोटे सुळके तेवढे दिसतात, दीड दिवसाचे.

गंमत म्हणजे ज्या शास्त्राने मणक्यावर एवढं राज्य केलं, त्याची सुरुवात कानापासून झाली. १८९५ साली अमेरिकेत डेव्हनपोर्टला पामर नावाच्या चुंबक-उपचारवाल्याने इमारतीच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी त्यांची कथा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमच्या पायाळू आजींनी काय वाईट केलंय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उसण आपली आपण चार दिवसांत उतरते आणि नाव आजींच्या पायाचं होतं. माझी तीन-चार महिन्यांत उतरली. आजी ॲडव्हान्स घेत नाहीत, एवढा फरक.

हे म्हणताना एक खरं आहे की अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या २०१७च्या मार्गदर्शनात कंबरदुखीला आधी करून बघायच्या गोष्टींत मणका हाताळणं आहे, शेकणं-मालिश यांच्या बरोबरीने. इंग्लंडवाले म्हणतात, करा, पण व्यायामासोबतच. म्हणजे थोतांड नाही, पण २४ सिटिंगचंही नाही. चार-सहा पुरे होत्या, दर वेळचे पैसे त्या-त्या वेळी देऊन. कोणी जाणार असेल तर आधी विचारा की पायाची ताकद तपासता का. जो न तपासता टेबलावर घेईल, तिथून उठा.

तीन तारे. डॉक्टरांना चार दिले असते, रिसेप्शनला एक.

आजचंच सांगतो. रिन्यूच्या मेसेजला मी रिप्लाय केला: आठव्या सिटिंगचं काय? तासाभराने फोन आला. तीच मुलगी. "सर, मॅनेजमेंटशी बोलून सांगते. आणि सर, तुमचा पंचा राहिलाय इथे, धुऊन ठेवलाय." शनिवारी हाफ डे आहे, पंचा आणायला जाईन. कार्ड खिशात घेऊनच जाणार.