नव्या हॉलमध्ये जुन्या वस्तू, की जुन्या सागवानाभोवती नवा हॉल?

दहा बाय पंधराचा हॉल, पुण्या-मुंबईच्या टू बीएचकेत असतो तसा. एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, एका लांब भिंतीवर टीव्ही. गावच्या घरातून सागवानी झोपाळा किंवा दिवाण येऊ घातलाय, सोबत समया आणि एखादं घंगाळ. आणि घरातल्या तरुणांना हॉल हवाय तो सुटसुटीत, मोकळा, आजचा.

हे जमवायचे रस्ते दोन. पहिल्यात भिंती, सोफा, टीव्ही युनिट अशा डोळ्यात भरणाऱ्या सगळ्या मोठ्या गोष्टी साध्या आणि नव्या धाटणीच्या, आणि त्यात दोन-तीनच जुन्या वस्तू. दुसऱ्यात बसायचं मुख्य फर्निचरच जुनं, आणि दिवे, पडदे, टीव्हीची मांडणी नवी. निम्मं जुनं, निम्मं नवं हा तिसरा रस्ता बऱ्याच घरांत आपसूक धरला जातो आणि तिथेच हॉल फसतो. कोरीव दिवाणासमोर चकचकीत लॅमिनेटचं युनिट, वर रंगीत दिव्यांचं पीओपी, खाली नक्षीचा गालिचा. प्रत्येक गोष्ट सुरेख असते, पण नजर ठरावी अशी एक जागा उरत नाही. कोण यजमान आणि कोण पाहुणा, हे आधी ठरवायला हवं.

जागेचा हिशोब

आवडीनिवडीच्या आधी टेप घ्या. बैठकीच्या तीन प्रकारांना जागा किती लागते ते असं:

| | वस्तूचं माप | प्रत्यक्षात अडणारी जागा | बसायची उंची |
|---|---|---|---|
| तिघांचा सोफा | ७ × ३ फूट | ७ × ४.५ फूट (टीपॉयपर्यंतची वाट धरून) | १७ इंच |
| दिवाण, गादी-लोडांसह | ६ × २.५ फूट | ६ × ४ फूट | १५ ते १६ इंच |
| झोपाळा | ४ × २ फूट | ५ × ७ फूट | १७ ते १८ इंच |

झोपाळ्याचा पाट आठ चौरस फुटांचा, पण झोका घ्यायला पुढे अडीच आणि मागे अडीच फूट मोकळे लागतात, कड्यांच्या बाजूंना अर्धा-अर्धा फूट. म्हणजे पस्तीस चौरस फूट गेले, दीडशेच्या हॉलमधला जवळजवळ पाव भाग. त्यामुळे एवढ्या हॉलमध्ये झोपाळा आणि तिघांचा सोफा असं दोन्ही बसवू नये. झोपाळा घेतला की समोर दिवाण किंवा दोन सुट्या खुर्च्या, इतकंच.

दिवाणाची अडचण वेगळी. अडीच फूट खोलीवर पाठ टेकून बसलं तर पाय खाली पोचत नाहीत, आणि पुढे सरकून बसलं तर पाठीला आधार नाही. मागे आठ-नऊ इंच व्यासाचा लोड भिंतीला लावून ठेवला की बसायला एकवीस-बावीस इंच उरतात आणि बैठक नीट होते. लोड कापसाचाच भरून घ्या. मऊ फोमचा लोड पाठीच्या भाराने दबतो आणि लवकर बसका होतो. जमिनीवरची भारतीय बैठक दिसते फार छान, पण घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल तर तिचा विचार सोडा.

झोपाळा टांगायचा असेल तर

ही एकच गोष्ट अशी आहे की चुकली तर नुसता हॉल बिघडत नाही, माणूस जखमी होतो. म्हणून जरा सविस्तर.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड पाट म्हणजे बरोबर एक घनफूट लाकूड. सागवानाचं वजन घनफुटाला अठरा-एकोणीस किलो. त्यावर पितळी कड्या आणि दोन मोठी माणसं धरली की पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. हे झालं स्थिर असताना. मोठ्या झोक्यात पाट खालून जाताना ताण साधारण सव्वापट होतो आणि पोरं धावत येऊन बसली की त्याहून वर. दोन हुकांवरच्या झोपाळ्याला प्रत्येक हुक निदान चारशे किलो पेलणारा हवा.

हा भार फक्त स्लॅबनेच घ्यायचा. फॉल्स सीलिंगचा सांगाडा यातला कणभरही भार घेत नाही, हुकाचा दांडा त्यातून आरपार वर गेला पाहिजे. एकच जाड फास्टनर ठोकून हुक लावण्यापेक्षा सहा बाय सहा इंचाची, आठ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट चार अँकरांवर, म्हणजे स्लॅबमध्ये रुतवलेल्या बोल्टांवर, बसवावी. भार चार ठिकाणी वाटला जातो, आणि एखादा अँकर सैल झाला तर प्लेट केसभर का होईना खाली दिसते, वेळीच कळतं. झोपाळ्याचा भार सतत हलता, म्हणून ठोकून फुगणाऱ्या अँकरपेक्षा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट, भरवशाचा. मात्र भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढली नाही तर रसायन काँक्रीटला धरतच नाही, धुळीला धरतं. बहुतेक वेळा चूक इथेच होते.

स्लॅबमधून विजेच्या वायरींचे पाइप गेलेले असतात, त्यामुळे भोक पाडण्याआधी पंख्याच्या पॉइंटकडून स्विचबोर्डाकडे जाणारी रेषा सोडा. बीमच्या तळाशी मुख्य सळ्या असतात, तिथे ड्रिल लावू नका. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भोक नको, कारण आतली ताणलेली केबल तुटली तर प्रकरण एका फ्लॅटपुरतं राहत नाही. आणि जुन्या इमारतीत छताचं प्लास्टर फुगलं असेल, गंजाचे डाग दिसत असतील, तर झोपाळा स्टँडवरच ठेवा. स्टँडला जागा जास्त लागते आणि दिसायलाही तो जड, पण तिथे दुसरा पर्याय नाही.

दोन हुकांमधलं अंतर पाटावरच्या कड्यांइतकंच किंवा दोन-चार इंच जास्त ठेवा. कमी झालं तर पाट झोक्यात वळतो आणि कोपरा भिंतीला लागतो.

जुन्या लाकडाची तब्येत

दुसऱ्या रस्त्याने जायचं तर सगळी मदार लाकडावर. आणायच्या आधी वस्तू उलटी करून बघा. गोल, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर भुंगेरा लागलाय. मातीचे बारीक पोपडे दिसले तर वाळवी. सागवानाच्या गाभ्याला सहसा काही होत नाही, कडेचा फिकट पांढरट भाग मात्र पोखरला जातो. भोकांत इंजेक्शनच्या सुईने औषध भरून वस्तू प्लॅस्टिकमध्ये दोन-तीन आठवडे गुंडाळून ठेवा, आणि मगच ती नव्या प्लायच्या शेजारी येऊ द्या.

जुन्या वस्तूंसाठी पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं आहेतच. तिथे रंगावर जाऊ नका. गडद पॉलिशखाली साध्या लाकडाचाही 'जुना सागवान' होतो. खालच्या, न पॉलिश केलेल्या बाजूला किंवा ड्रॉवरच्या आत रेषा बघा, उचलून वजन बघा.

पॉलिश कोणतं आहे ते पाच मिनिटांत कळतं. कापसाच्या बोळ्यावर पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट घ्या आणि मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, अर्धा मिनिट धरून ठेवा. बोळा चिकटला आणि त्यावर तांबूस-तपकिरी रंग उतरला, तर ते जुनं चपड्याचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक थराची नवी पॉलिशं. फ्रेंच पॉलिश असेल तर शक्यतो ठेवा. गरम चहाच्या कपाचं पांढरं कडं त्यावर उमटतं हे खरं, पण तेवढीच जागा पुन्हा हात मारून बरी करता येते. पीयूवर सहसा डाग पडत नाहीत, पण खोल ओरखडा गेला तर पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो. रोज कप-ताटल्या ठेवायच्या टीपॉयला पीयू, आणि दिवाण, आरसा, कपाटाला फ्रेंच पॉलिश, ही वाटणी योग्य.

ऐंशी नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरने कोरीव भाग घासू देऊ नका. नक्षीच्या कडा बोथट होतात आणि त्या परत येत नाहीत. तिथे स्पिरिट आणि नरम ब्रश.

नव्या प्लायचं जुन्या सागवानाशी जमवताना

सागवानी छापाचं लॅमिनेट खऱ्या सागवानाजवळ लावू नका, ही आमची सर्वांत ठाम शिफारस. छापील रेषा ठरावीक अंतरावर पुन्हा येते, आणि शेजारी खरं लाकूड असलं की नजर ते लगेच पकडते. एरवी बरं दिसलं असतं ते युनिटही मग खोटं वाटू लागतं. त्याऐवजी टीव्ही युनिट मॅट पांढरट, मातकट किंवा गडद हिरव्या रंगाचं करा. लाकडासारखंच हवं असेल तर खरं व्हीनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, घ्या, आणि त्याचं पॉलिश जुन्या वस्तूच्या रंगाला मिळवायचा हट्ट न धरता दोन छटा फिकट ठेवा. जवळजवळ सारखा रंग म्हणजे फसलेला प्रयत्न वाटतो. स्पष्ट वेगळा रंग ठरवून केलेला वाटतो.

सांगाड्याला अठरा मिलिमीटरचा प्लाय पुरे. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर त्या बाजूला आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा मरीन), बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा (साध्या वापराचा).

जुना कोरीव दरवाजा टीपॉय म्हणून वापरायची टूम आहे. दिसतं उत्तम, पण वजन बघा: सहा बाय तीनचा, दीड इंच जाड दरवाजा चाळीस किलोचा, आणि त्यावरची दहा मिलिमीटर टफन्ड काच तेवढ्याच वजनाची. झाडताना हलत नाही, खाली धूळ साचते. तोच दरवाजा भिंतीवर लावायचा तर भिंत ठोकून बघा. सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर धरत नाहीत, भुसभुशीत होऊन सुटतात. तिथे केमिकल अँकर किंवा आरपार बोल्ट लागतात.

कोनाड्याचंही तसंच. वाड्याची भिंत दीड-दोन फूट जाड असायची म्हणून कोनाडा खोल असायचा. फ्लॅटच्या आतल्या भिंतीत ते होत नाही, आणि नव्या टॉवरमध्ये भिंतच काँक्रीटची असेल तर ती कोरायचीच नसते. प्लाय किंवा जिप्समची पेटी पुढे काढून करा, पण आतून निदान आठ इंच खोल. चार इंचांच्या कोनाड्यात समईचं बूडही मावत नाही, मग तिथे प्लॅस्टिकची फुलं येऊन बसतात.

दिवे आणि कापड

पितळ आणि सागवान दोन्ही ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर) पांढऱ्या उजेडात राखाडी, मेल्यासारखे दिसतात. हॉलभर २७०० ते ३००० केल्विन ठेवा. दीडशे चौरस फुटांना एकूण अडीच ते तीन हजार ल्युमेन, म्हणजे पंचवीस-तीस वॉटचे एलईडी पुरतात. ते एका पॅनेलमध्ये न देता चार-पाच ठिकाणी वाटा. पहिला रस्ता घेतला असेल तर घंगाळावर किंवा पुण्याच्या तांबट आळीतल्या, मठारकाम (ठोके मारून केलेलं काम) केलेल्या हंड्यावर तिरका उजेड पाडणारा एक छोटा दिवा वेगळा द्या. ठोक्यांचे खळगे तिरक्या उजेडातच दिसतात, समोरून प्रकाश टाकला की सपाट होतात. आणि नव्या पितळी वस्तूवर लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक थर, असेल तर ती चिंचेने घासू नका, लॅकर ठिकठिकाणी निघून भांडं चट्टेरी होतं.

कापडात हात आखडता बरा. खणाचे उशांचे अभ्रे दोन, फार तर तीन, आणि आतून सुती अस्तर लावलेलेच. अस्तराशिवाय शिवण लवकर विरते. सोफा आणि पडदे साधे, एकरंगी. दिवाणावर सोलापुरी चादर घालत असाल तर खण तिथे नको, दोन्हींची नक्षी भांडते.

मग कोणी काय निवडावं

हॉल दीडशे चौरस फुटांच्या आत, घर भाड्याचं, किंवा दोन-चार वर्षांत बदली होण्याची शक्यता: पहिला रस्ता. जुन्या वस्तू दोन-तीनच, आणि त्यातली एक तरी रोज वापरातली, म्हणजे चौरंग टीपॉय म्हणून किंवा पेटारा अंथरुणं ठेवायला. नुसत्या शोभेच्या पाच वस्तूंपेक्षा वापरातली एक घराला जास्त आपलंसं करते.

घरचा, चांगल्या अवस्थेतला दिवाण किंवा झोपाळा आहे, घर स्वतःचं आहे, हॉल एकशे ऐंशीच्या पुढे आहे: बेलाशक दुसरा. इथे खर्च वस्तूवर न होता पॉलिशवर आणि मजुरीवर होतो, आणि चांगला पॉलिशवाला मिळायला थांबावं लागतं.

गौरी-गणपती हॉलमध्येच बसत असतील तर एक गोष्ट दोन्ही रस्त्यांना लागू. मखरासाठी चार बाय तीन फुटांची जागा आणि जवळ विजेचा प्लग आत्ताच ठरवून ठेवा. यात झोपाळा सोफ्यापेक्षा सोयीचा, कारण कड्या काढून पाट उभा केला की दहा दिवस ती सगळी जागा मोकळी. पाट भिंतीशी उभा करताना खाली जाड सतरंजीचा तुकडा ठेवा, टाइल्सवर तो घसरतो.

कामाचा क्रमही चुकवू नका. आधी हुकाच्या प्लेटा, मग वायरिंग, मग फॉल्स सीलिंग, मग सुतार, त्यानंतर जुन्या वस्तूंचं घासकाम गच्चीत किंवा पार्किंगमध्ये, आणि भिंतींचा शेवटचा हात सर्वांत शेवटी. पॉलिशची धूळ ओल्या रंगावर बसली की तिथे हात लावताच खरखर लागते, आणि ती भिंत पुन्हा घासावी लागते.