एक मेमकॅश्ड, दोन भाषा: आठ महिन्यांनंतर

आमच्या दुकानाची जुनी साइट पीएचपीत, नवं अ‍ॅडमिन पॅनल जँगोत (पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये). पॅनलमध्ये किंमत बदलली की साइटवर लगेच दिसावी म्हणून दोघांना एकाच मेमकॅश्डवर, म्हणजे वारंवार लागणारी माहिती मेमरीत तात्पुरती ठेवणाऱ्या कॅश सर्व्हरवर आणलं.

मेमकॅश्डबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर दिलेले बाइट मुकाट्याने सांभाळतं. त्यांचा अर्थ काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अर्थ लावतात त्या त्या भाषेच्या लायब्ररी, आणि भांडणं तिथेच.

सुरुवातीला पीएचपीला काहीच सापडेना. टेलनेटने मेमकॅश्डच्या ११२११ पोर्टवर हाताने चाचपलं तेव्हा कळलं, जँगो प्रत्येक कीच्या (नोंदीच्या नावाच्या) आधी कोलन, एक, कोलन असं शेपूट (की तोंड म्हणू?) जोडतं. सेटिंगमध्ये स्वतःचं की-फंक्शन देऊन ते काढलं.

मग खरी गंमत. साइटवर किमती ० रुपये! जँगो वापरतं ती पायमेमकॅश लायब्ररी डेसिमल किंमत पिकल करून (पायथनच्या स्वतःच्या साठवण-पद्धतीत) ठेवते आणि सोबत फ्लॅग, म्हणजे डेटाचा प्रकार सांगणारा आकडा, लावते १. पीएचपीच्या मेमकॅश्ड एक्स्टेन्शनच्या लेखी १ म्हणजे पूर्णांक. त्याने पिकलचे बाइट आकडा समजून वाचले आणि शून्य काढलं. एररही नाही. दोन दिवस आम्ही डेटाबेसवर संशय घेत बसलो.

आता नियम साधा: कॅशमध्ये फक्त जेसन, म्हणजे सगळ्या भाषांना वाचता येणारा मजकूर. पायथनकडून एन्कोड केलेले बाइट, पीएचपीकडून स्ट्रिंग. दोन्हींचा फ्लॅग ०. किंमत पैशांत, पूर्णांक. पीएचपी मोठी स्ट्रिंग आपणहून कॉम्प्रेस करतं, तेही बंद केलं. पिकल गेलं याचा वेगळा आनंद आहे, कारण कॅशमध्ये लिहू शकणारा कुणीही त्यातून आपला कोड चालवू शकतो.

नोंद किती काळ टिकावी, त्या मुदतीनेही एकदा गंडवलं. पीएचपीतून ४५ दिवस सेकंदांत दिले, तर नोंद टिकेचना. ३० दिवसांपुढचा आकडा मेमकॅश्ड थेट तारीख (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) मानतं, म्हणजे आमची नोंद १९७० सालीच संपलेली. जँगो हे स्वतः सांभाळून घेतं, म्हणून त्या बाजूला कधी जाणवलंच नाही.

दुसरा सर्व्हर जोडायचा मोह मात्र आवरलाय. कोणती की कुठल्या सर्व्हरवर, हे क्लायंट (त्या त्या भाषेची लायब्ररी) ठरवतो आणि या दोघांची गणितं वेगळी. त्यासाठी मध्ये विनंत्या वाटून देणारी प्रॉक्सी बसवावी लागेल. आमच्या एवढ्याशा दुकानाला एक सर्व्हर पुरतो.

पुढच्या महिन्यात नोडमधली (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधली) सेवा येतेय. आमचे ऑर्डर क्रमांक १९ अंकी आणि जावास्क्रिप्ट साधारण १६ अंकांपुढे गडबडतं, म्हणून ते आत्ताच स्ट्रिंग करून टाकलेत.