दहा अ‍ॅम्पिअरचा फ्यूज आणि साडेतेवीस हजारांचं बिल

गाडीचे दोन्ही बाजूंचे डीआरएल, म्हणजे दिवसा पेटणाऱ्या पुढच्या पांढऱ्या पट्ट्या, एकाच सकाळी बंद पडले. मुंबईत एलबीएस रोडवरच्या एका गॅरेजने त्यापोटी माझ्याकडून २३,५०० रुपये घेतले. बिघाड होता एका फ्यूजचा, जो स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात चहाच्या पैशांत मिळतो. आमच्याच सोसायटीतल्या आणखी एकांना तिथे हीच कथा ऐकवली गेली, म्हणून सविस्तर लिहितोय.

गॅरेजमधल्या पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला आणि मालकाने स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'बी'ने सुरू होणारा बिघाडाचा एक कोड होता. "बघा साहेब, बीसीएम गेलाय. त्याने दोन्ही बत्त्या खाल्ल्या." बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गाडीच्या दिव्यांसारख्या गोष्टी चालवणारा छोटा कॉम्प्युटर. वर पुस्ती अशी की, दिवसा लाइट बंद दिसली तर पोलीस पावती फाडतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम पेटता ठेवण्याचा नियम आला, तोच त्याने बेधडक माझ्या चारचाकीला चिकटवला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पन्नास हजारांच्या वर जातील, मी निम्म्यात करतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा, असं म्हणाला.

'बी' म्हणजे फक्त बॉडी, इंजिनाचे कोड 'पी'ने सुरू होतात. कोड फार तर सर्किट सांगतो. त्या सर्किटात दिवा गेलाय, वायर तुटलीय की फ्यूज उडालाय, हे मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावूनच कळतं. इथे टेस्ट लॅम्प कोणी हातातसुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी पट्ट्या लख्ख पेटत होत्या. काचाही नव्यासारख्या चकाकत होत्या. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा लागेल", जुन्या बत्त्या मागितल्या तर "भंगारवाला घेऊन गेला". हातात आला एक चिठोरा: 'हेडलाइट २ नग, कोडिंग'. त्यावर ना पार्ट नंबर, ना गॅरेजचं नाव.

संशय आला तो घाटकोपरच्या सिग्नलला. उन्हात डाव्या काचेच्या आतल्या कोपऱ्यात पाणी सुकल्याचा अर्धगोल डाग दिसला. मागच्या पावसाळ्यात लाइटमध्ये वाफ धरली होती, तेव्हापासूनचा तो डाग. बाहेरून बफिंग मारून पिवळटपणा घालवता येतो, आतून नाही.

मग भांडुपच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. मूळचे साताऱ्याचे, बोलणं कमी. बॉनेट उघडून त्यांनी आधी बंपरच्या क्लिपा पाहिल्या. माझ्या गाडीत बंपर उतरवल्याशिवाय हेडलाइट निघतच नाही, आणि क्लिपांच्या खाचांत वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. मग टॉर्च मारून लाइटच्या मागच्या प्लॅस्टिकवरचा एक छोटा गोल दाखवला. घड्याळासारखा असतो: कडेला १ ते १२ महिने, मध्ये वर्ष, आणि बाण ज्या महिन्यावर असेल त्या महिन्यात तो भाग साच्यातून निघालेला. बाण ७ वर, मध्ये २१. माझी गाडी ऑगस्ट २०२१ ची. "ह्या बत्त्या तुमच्याच हायेत की, साहेब. कुणी हातबी लावला न्हाई."

खरी काळजीची गोष्ट फ्यूज बॉक्समध्ये निघाली. झाकणावरच्या तक्त्यात डीआरएलसमोर १० अ‍ॅम्पिअर लिहिलेलं, म्हणजे लाल फ्यूज. तिथे बसवला होता पिवळा, २० चा. फ्यूज का उडाला हे शोधण्याऐवजी उडणारच नाही असा जाड फ्यूज ठोकून दिलेला. फ्यूजचं काम वायर तापण्याआधी तुटायचं. तोच दुप्पट क्षमतेचा घातला की तापते ती वायर, मग तिचं आवरण वितळतं. पैशांचं राहू दे, घरच्यांना घेऊन त्या गाडीतून फिरत होतो याचा जास्त संताप आला.

फ्यूज उडण्याचं कारणही काकांनी तिथेच काढलं. अ‍ॅक्सेसरीवाल्याने मागच्या सीटसाठी एक जादा सॉकेट बसवलं होतं. "कपलर टू कपलर आहे, वायर कापलेली नाही" ही त्याची हमी. प्रत्यक्षात डीआरएलची वायर सोलून, जोड मारून वर काळी टेप गुंडाळलेली. आदल्या रात्री त्याच सॉकेटवर टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला होता. १२० वॅटचा पंप १२ व्होल्टवर १० अ‍ॅम्पिअर ओढतो, त्यात डीआरएलचा भार वेगळा. फ्यूजने इमानेइतबारे आपलं काम केलं! काकांनी जोड काढला, वायर नीट केली, लाल फ्यूज बसवला आणि ३०० रुपये घेतले.

दोन्ही पट्ट्या एकदम गेल्या की शंका दोघींच्या सामाईक गोष्टींवर घ्यायची: फ्यूज, रिले, स्विच, सेटिंग. दोन दिवे एकाच क्षणी मरणं फार दुर्मीळ. एकच बाजू गेली तर मात्र तिथला एलईडी, कपलरमध्ये शिरलेलं पाणी किंवा सुटलेली अर्थिंगची वायर बघावी लागते. आणि कित्येकदा बिघाड नसतोच. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की डीआरएल विझतात, काहींत हेडलाइट लावल्यावर, काहींत वळताना त्या बाजूचा तेवढा मंद होतो. काही मॉडेलमध्ये स्क्रीनच्या मेन्यूतूनही बंद होतात. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात हे असतं.

गॅरेजवाल्याला तारखेच्या गोलाचा फोटो दाखवला, तर म्हणे "पोराकडून बत्त्या मिक्स झाल्या असतील". बंपर न उतरवता कशा मिक्स झाल्या, यावर उत्तर नाही. आता फोन उचलत नाही. चिठोऱ्याला फारसा अर्थ नसला तरी पैसे यूपीआयने गेलेत, आणि "दोन्ही लाइट नवीन टाकल्यात" हा त्याचाच व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहे. काकांनी बिघाडाचं निदान सही करून लेटरहेडवर दिलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर मुंबई उपनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. त्या गॅरेजात लाइटचं काम करून घेतलेल्यांनी बॉनेट उघडून तो गोल आणि फ्यूजचा रंग आजच पाहून घ्या.