स्कॉटलंड: 'हो' की 'नाही'? अजून ठरत नसलेल्या मराठी मतदारासाठी

येत्या गुरुवारी, १८ सप्टेंबर २०१४ ला, सकाळी ७ ते रात्री १० या वेळात आपल्या हातात एक कागद येईल. त्यावर प्रश्न एकच: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकोन. १७०७ पासून इंग्लंडबरोबर एकत्र नांदणारं हे घर वेगळी चूल मांडणार का, ते एका फुलीवर ठरेल. १९७९ मध्ये इथे वेगळी विधानसभा असावी का यावर मतदान झालं तेव्हा ५१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले होते, तरी एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट पुरी झाली नाही आणि सगळं बारगळलं. या वेळी तशी अट नाही. एक मत जास्त पडलं तरी पुरे.

ते एक मत आपल्यापैकी कुणाचं असू शकतं. लंडनला राहायला गेलेल्या स्कॉटिश माणसाला मत नाही, पण तेरा वर्षं ग्लासगोत राहून अजून भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मला आहे, कारण राष्ट्रकुल देशांचे जे नागरिक इथे रीतसर परवान्यावर राहतात ते मतदार आहेत. माझ्या सोळा वर्षांच्या मुलालाही मत आहे. वयाची अट या वेळी १६ वर आणली आहे.

यंदा गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन सगळे याच विषयावर यायचे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तर कहर झाला. इतके महिने मागे असलेलं 'हो' एका जनमत चाचणीत ५१ विरुद्ध ४९ असं पुढे गेलं होतं. तरी बऱ्याच जणांचा सूर एकच: "आपण पाहुणे, आपण कशाला मध्ये पडायचं?" मला हे मुळीच पटत नाही. कर आपण इथे भरतो, हप्ते इथे फेडतो, पोरं इथल्या शाळेत जातात. गुरुवारी घरीच बसावं असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

मी एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. एरवी काउंटरवर लोक गुडघ्यांबद्दल बोलतात, गेले दोन महिने मतदानाबद्दल बोलतात. 'हो'वाले निळा बिल्ला लावून येतात आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. 'नाही'वाले रांग ओसरेपर्यंत थांबतात, मग आवाज खाली आणून सांगतात. सगळ्यांत दमलेले दिसतात ते तिसरे, ज्यांचं मत रोज बदलतं. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी दर गुरुवारी आठवड्याच्या गोळ्यांचा डबा न्यायला येतात. परवा काउंटरला दोन्ही हात टेकवून म्हणाल्या, "हेन," (इथे बायकांना मायेने असं म्हणतात) "सकाळी उठते तेव्हा मी 'हो' असते, आणि रात्री पेन्शनचा हिशोब करते तेव्हा 'नाही'. माझा मुलगा तिकडे इंग्लंडात, न्यूकॅसलला राहतो. तो परदेशात राहतो, असं म्हणायला लागायचं का आता?"

मन की व्यवहार, असा हा झगडा असल्याचं सगळे सांगतात. मला ते खरं वाटत नाही. दोन्हीकडे मन आहे, दोन्हीकडे हिशोबही आहे. मी वेगळी कसोटी लावते: अमुक होईल असं वचन कुणी दिलं आहे, आणि ते पाळणं खरोखर कुणाच्या हातात आहे? प्रत्येक मुद्दा मी याच कसोटीवर घासून पाहिला.

पौंड

आपल्या पाकिटातल्या नोटा इथल्या तीन बँका छापतात. लंडनच्या दुकानात तीच नोट दिली की दुकानदार ती उलटसुलट करून बघतो आणि आपल्याला उगाच ओशाळं वाटतं. तर या नोटेचं काय होणार?

'हो'ची बाजू म्हणते, पौंड जितका त्यांचा तितकाच आपला, दोन देश मिळून तो वापरू. स्कॉटलंडच्या सरकारने गेल्या नोव्हेंबरात काढलेल्या सहाशेहून जास्त पानांच्या श्वेतपत्रिकेत हाच बेत आहे. 'नाही'ची बाजू म्हणते, ते होणे नाही. फेब्रुवारीत ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी एडिंबरात येऊन स्पष्ट नकार दिला, मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांनीही त्याला दुजोरा दिला. गेल्या मंगळवारी बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी म्हणाले की सामाईक चलन आणि सार्वभौमत्व एकत्र बसत नाहीत. स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख आणि 'हो'चे नेते ॲलेक्स सॅमंड यांचं उत्तर असं की हा मतदानाआधीचा दम आहे, आणि पौंडात वाटा नसेल तर ब्रिटनच्या सरकारी कर्जातही वाटा नाही. असेलही दम. नंतर सगळे बोलणीला बसतीलही. पण सामाईक पौंड देणं लंडनच्या हातात आहे आणि वचन मात्र एडिंबरा देतं आहे. पगार एका चलनात आणि घराचं कर्ज दुसऱ्या चलनात, अशी वेळ आली तर काय, याचं उत्तर दोन्ही टीव्ही चर्चा पूर्ण पाहूनही मला मिळालं नाही. डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज असेल तर या मुद्द्यावर 'नाही'चं पारडं जड आहे, आणि चांगलंच जड आहे.

माझा नवरा एडिंबरातल्या एका पेन्शन कंपनीत आहे. तिथले बहुतेक ग्राहक इंग्लंडचे. गेल्या आठवड्यात मोठ्या बँकांनी नोंदणीकृत कार्यालय लंडनला हलवायची तयारी जाहीर केली, त्या रात्री तो जेवताना एक शब्द बोलला नाही.

औषधं, दवाखाना, शाळा

हा मुद्दा मी रोज हाताळते. २०११ पासून इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत. इंग्लंडात एका औषधाला ८ पौंड ५ पेन्स. सहा औषधांची पिशवी घेऊन माणूस काउंटरवरून तसाच निघतो, आणि हे जाईल या भीतीने कित्येक जण 'हो' म्हणणार आहेत. इंग्लंडात आरोग्यसेवेवरचा सरकारी खर्च घटला की ठरलेल्या सूत्राने स्कॉटलंडला मिळणारा पैसाही घटेल, असा त्यांचा मुद्दा आहे. 'नाही'वाले म्हणतात, आरोग्य आजही पूर्णपणे इथल्या स्कॉटिश संसदेकडे (ती पुढे १९९९ मध्ये आली) आहे, लंडनचं कुणी येऊन तुमच्या चिठ्ठीवर दर लावू शकत नाही.

दोघांचंही अर्धं खरं आहे. निर्णय इथला, पण पैशाची थैली बरीचशी तिथली. 'हो' झालं तर थैलीही इथे येईल, पण तिच्यात किती असेल ते कुणी सांगावं? विद्यापीठाची माफ फी (इंग्लंडात ती वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत जाते) आजही इथेच ठरते, त्यामुळे तेवढ्यासाठी 'हो' म्हणायचं कारण नाही. लहान मुलांसाठी वर्षाला १,१४० तासांच्या मोफत सांभाळाचं वचनही जवळपास तसंच आहे.

व्हिसा

आपल्या लोकांच्या दृष्टीने हा सगळ्यांत जवळचा मुद्दा, आणि इथे पारडं फिरतं.

आमच्या वरच्या खोलीत नागपूरची एक मुलगी राहते. एमएससी नुकतंच संपलं आहे. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं नोकरी करायची मुभा लंडनने एप्रिल २०१२ मध्ये बंद केली, त्यामुळे जानेवारीत तिला बॅगा भराव्या लागतील. श्वेतपत्रिकेत ती मुभा परत आणण्याचं, गुणांवर आधारलेल्या व्हिसाचं आणि पगाराची अट खाली आणण्याचं वचन आहे. 'नाही' झालं तर व्हिसा लंडनकडेच राहील, आणि तिथल्या सरकारने तर बाहेरून येणाऱ्यांची निव्वळ संख्या वर्षाला एक लाखाच्या आत आणायचं ठरवलंय. स्वतंत्र झाल्यावर व्हिसा देणं एडिंबराच्याच हातात येईल, म्हणजे हे वचन देणाऱ्याला पाळता येण्याजोगं आहे. अडचण एकच: नियम फार सैल केले तर सीमेवर पासपोर्ट तपासावे लागतील, असा इशारा इंग्लंडकडून आला आहे.

त्या मुलीलाही मत आहे. ती म्हणते, "काकू, घरी वेगळ्या विदर्भावरून जेवताना होणारी भांडणं ऐकत मोठी झाले मी. तिथे कुणी विचारलं नाही आणि इथे विचारताहेत. पण जानेवारीत निघून जाणाऱ्या माणसाने यांचा देश ठरवावा का?" मला तिला पटकन उत्तर देता आलं नाही.

नागरिकत्वाबद्दल थोडक्यात: दहा वर्षं इथे राहिलेल्या आणि संबंध टिकवून असलेल्या माणसाला अर्ज करता येईल, असं श्वेतपत्रिका म्हणते. दुहेरी नागरिकत्वाला स्कॉटलंडची हरकत नसेल, पण भारताची आहेच. म्हणजे ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड) पेच आज आहे तसाच राहील.

युरोप, तेल, पाणबुड्या

'हो' झाल्यावर युरोपीय संघात जागा मिळणं बाकीच्या २८ देशांच्या हातात आहे, आणि युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोसो यांनी फेब्रुवारीतच ते अत्यंत अवघड असल्याचं सांगून ठेवलं आहे. पण 'नाही' म्हणजे युरोपात सुरक्षित, असंही नाही. २०१७ पर्यंत युरोपात राहायचं की नाही यावर मतदान घेऊ, असा शब्द पंतप्रधान कॅमेरन यांनी दिला आहे, आणि तिथे इंग्लंडची मतं कितीतरी जास्त असतील.

तेलाचा हिशोब श्वेतपत्रिकेने पिंपाला ११० डॉलरच्या वर धरला आहे, आणि गेल्या आठवड्यात भाव शंभराच्या खाली आला. तो ना एडिंबराच्या हातात, ना लंडनच्या. तेलाच्या धंद्याचं शहर असलेल्या ॲबर्डीनला नोकरी असेल तर ही बाब गंभीरपणे घ्या.

ग्लासगोपासून चाळीसेक किलोमीटरवर फासलेनला अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या आहेत. त्या जाव्यात असं मनापासून वाटणाऱ्याला 'नाही'कडे काहीच मिळणार नाही.

'नाही'नंतर काय मिळेल

गेल्या सोमवारी माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी वेळापत्रक मांडलं: 'नाही' झालं तर १९ सप्टेंबरपासूनच स्कॉटलंडला जादा अधिकार देण्याचं काम सुरू आणि २५ जानेवारीपर्यंत कायद्याचा मसुदा. हुजूर, मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट असे तिन्ही पक्ष पाठीशी आहेत. पण अधिकार देणार लंडनची संसद, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या हातात.

इथे मला माझं आजोळ आठवतं. पेडणे, गोवा. १६ जानेवारी १९६७ ला तिथे कौल घेतला गेला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. आमच्या घरात थोरला मामा फुलाचा आणि धाकटा पानांचा. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आई सांगते, निकालाच्या दिवशी दोघे एकाच पंगतीत जेवले, पण आठवडाभर एकमेकांना मीठसुद्धा मागितलं नाही. तो कौल स्वातंत्र्याचा नव्हता, त्यामुळे तुलना ओढूनताणून करणार नाही. एवढंच सांगते की वेगळेपण राखण्याच्या बाजूने कौल देणाऱ्या गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळायला १९८७ उजाडलं. वीस वर्षं. 'नाही'वर फुली मारताना जादा अधिकारांवर भिस्त ठेवणार असाल तर हे ध्यानात असू द्या.

उलट बाजूही आहे. 'नाही' झालं तर हा प्रश्न पुन्हा कधीतरी विचारता येईल, जरी सॅमंड याला पिढीतून एकदा येणारी संधी म्हणत असले तरी. 'हो' मात्र मागे घेता येणार नाही.

पैशापलीकडचं

माझ्या मुलाला पौंड, तेल काही ऐकायचं नसतं. तो म्हणतो, "इथून ५९ खासदार निवडून जातात, त्यात हुजूर पक्षाचा एक. तरी राज्य त्यांचं. हे तुला चालतं?" हा 'हो'चा सगळ्यांत बळकट मुद्दा आहे असं मला वाटतं, कारण यात कुणाकडून काही मागून घ्यायचं नाही. आपण निवडलेलं सरकार आपल्यावर राज्य करेल, हे 'हो'ला नक्की देता येतं. ते चांगलं असेल की वाईट, ही पुढची गोष्ट.

पण तो स्वतःला सहज स्कॉटिश म्हणवतो. मला ते जमत नाही. 'ब्रिटिश' या शब्दात मी मावते, कारण तो मुळातच अनेकांना पोटात घेऊन झालेला शब्द आहे. तो गेला तर माझ्यासाठी कुठला शब्द उरेल, हे मला खरंच कळत नाही, आणि 'नाही' म्हणणाऱ्या माझ्या शेजारणीचंही दुःख काहीसं असंच आहे. तिचं माहेर इंग्लंडातल्या लँकेशायरचं.

माझा कल आज तरी केसभर 'नाही'कडे आहे, पौंडामुळे आणि डोक्यावरच्या कर्जामुळे. पंचविशीत असते, कर्ज नसतं आणि इथेच राहायचं असतं, तर 'हो'वर फुली मारली असती. नवऱ्याने टपालाने मत पाठवून दिलं आहे, काय ते सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलंही नाही. आई फोनवर म्हणते, "पितृपक्षात कसला नवा देश मांडताय?"

गोळ्यांच्या डब्याच्या त्या आजी काल पुन्हा आल्या. गुरुवारचा डबा बुधवारीच तयार ठेवशील का, असं विचारत होत्या. गुरुवारी त्यांना मतदानाला जायचं आहे, रांग मोठी असेल, उभं राहायला वेळ लागेल. काय ठरवलं, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, अजून काहीच नाही, रांगेत ठरवीन.