डॉटएन्व्ह काढलं, आता नोडचंच वापरतोय

एका क्लासचं फी-पावत्यांचं छोटं ॲप माझ्याकडे आहे. नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं, सांभाळणारा मी एकटाच. त्यात पहिल्या ओळीला डॉटएन्व्ह नावाचं पॅकेज होतं, कारण सगळ्यांच्याच असतं. एन्व्ह फाइलमधून (सेटिंग्जची साधी फाइल) पासवर्ड, पोर्ट, एसएमएसची की उचलून प्रोसेस डॉट एन्व्हमध्ये, म्हणजे कोडला वाचता येईल अशा जागी ठेवायची, एवढंच त्याचं काम. नोड २०.६ पासून (सप्टेंबर २०२३) ही सोय नोडमध्येच आहे. सर्व्हर नोड २२ वर नेला तेव्हा पॅकेजला निरोप दिला.

काम पाच मिनिटांचं. पहिली ओळ खोडली आणि स्टार्ट स्क्रिप्टमध्ये दोन डॅश, एन्व्ह-फाइल आणि फाइलचं नाव. इम्पोर्टच्या क्रमाची कटकटही गेली. पूर्वी डेटाबेसची फाइल चुकून डॉटएन्व्हच्या आधी इम्पोर्ट झाली की पासवर्ड अनडिफाइन्ड, म्हणजे नाहीच.

मला आवडलं ते वेगळंच. फाइल सापडली नाही तर नोड उठतच नाही, 'नॉट फाउंड' म्हणून मोकळा होतो. डॉटएन्व्ह मात्र पुढे जायचं आणि रडगाणं डेटाबेस गायचा. (फाइल नसली तरी ज्यांचं चालतं, त्यांच्यासाठी २२.९ पासून 'एन्व्ह-फाइल-इफ-एक्झिस्ट्स' आहे.) फक्त फाइलचा पाथ तुम्ही कमांड जिथून चालवता तिथून धरला जातो. सर्व्हिसमध्ये पूर्ण पाथच द्या.

बाकी जुनी दुखणी तशीच. टर्मिनलमध्ये मीच पोर्ट ३००० एक्स्पोर्ट करून ठेवला होता आणि फाइलमध्ये ४००० करून तीनदा रीस्टार्ट मारत बसलो. शेलमधलंच, म्हणजे टर्मिनलमध्ये ठेवलेलंच जिंकतं. डॉटएन्व्हमध्येही तसंच, पण तिथे निदान ओव्हरराइडचा पर्याय आहे. पासवर्डमध्ये हॅश (#) असेल तर अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर पुढचं सगळं कॉमेंट समजून कापलं जातं.

आणि फाइलमधलं सगळं स्ट्रिंगच. टेस्टिंगला एसएमएस बंद राहावेत म्हणून मी 'फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये नुसतं इफ. 'फॉल्स' ही रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लेखी खरीच. रात्री साडेअकराला एकेचाळीस पालकांना 'फी थकली आहे' गेलं. दोन मिनिटांत सरांचा फोन, "अरे, माझ्या स्वतःच्या मुलीची पण थकली का रे?"