निकोपोलिसचं विजयस्मारक आणि संग्रहालय: अ‍ॅक्टियमची लढाई समजून घ्यायची तर आधी टेकडी

अ‍ॅक्टियमची लढाई ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ झाली; तीत ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसने, आपला रोमन प्रतिस्पर्धी अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांचं आरमार हरवलं. ती जागा पाहायला निघालेला माणूस साहजिकच अ‍ॅक्टियमच्या टोकाकडे वळतो. तिथे आज विमानतळ आहे. समोर अंब्राकियाच्या आखाताचं अरुंद तोंड दिसतं, पण लढाईचा अंदाज काही येत नाही. २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ रोजी आरमारं भिडली ती या तोंडाच्या बाहेर, पश्चिमेला, उघड्या आयोनियन समुद्रात. त्यामुळे पहिला मुक्काम टेकडीवर हवा. आजच्या प्रेवेझा शहराच्या उत्तरेला, ऑक्टेव्हियनने लढाईनंतर वसवलेल्या निकोपोलिस शहराचे अवशेष ओलांडून स्मिर्तूला गावाच्या वर ऑक्टेव्हियनची छावणी होती. विजयानंतर त्याने तिथेच स्मारक उभारलं.

इथून दिसणारा देखावा हाच या जागेचा सर्वात मोठा गुण. एका बाजूला बाहेरचा समुद्र, दुसऱ्या बाजूला आखात, आणि दोन्हींच्या मधला जमिनीचा पट्टा. आखातातून निघणारं प्रत्येक जहाज वरून मोजता आलं असतं. अँटनीची छावणी पलीकडच्या सखल, रोगट भागात होती. ऑक्टेव्हियनचा सेनापती अग्रिपा याने आधी मेथोनीचं बंदर घेतलं, मग लेफ्काडा, पात्रा आणि कोरिंथ, आणि अँटनीची रसद तुटली. उपासमार, रोगराई, फितुरी. वल्हेकरी इतके कमी पडले की वाटसरू, गाढववाले, कापणी करणारे मजूर असे सापडतील ते लोक धरून वल्ह्यांवर बसवल्याचं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. लढाईचा निकाल त्या दिवसाच्या कित्येक आठवडे आधीच लागत आला होता, हे टेकडीवर उभं राहिलं की पटतं.

आता भिंत. इथे वेळ द्या, घाई करू नका. खालच्या गच्चीच्या दर्शनी भिंतीत अँटनीच्या जहाजांचे ब्राँझचे रॅम, म्हणजे नाळेवरची टक्कर मारायची अवजड टोकं, बसवलेले होते. मुळात पस्तीसेक असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ब्राँझ केव्हाच गेलं, उरल्यात त्या खोबणी. रॅम पाहायला मिळेल या अपेक्षेने आलात तर निराशा होईल. पण खोबणीजवळ जाऊन आत बघा. मधोमध दगडाचा गाभा तसाच ठेवलेला दिसतो. रॅम मागून पोकळ असे आणि जहाजाच्या लाकडांवर टोपीसारखा चढवलेला असे. ती पोकळी भरून काढायला गवंड्यांनी गाभा त्याच आकारात घडवला. म्हणजे प्रत्येक खोबण हा एकेका जहाजाच्या नाळेचा आडवा छेदच आहे.

आकाराचा अंदाज यावा म्हणून एक माप लक्षात ठेवून जा. इस्रायलच्या किनाऱ्याजवळ अथलीत इथे १९८० साली सापडलेला रॅम २.२६ मीटर लांब आणि ४६५ किलो वजनाचा आहे. या भिंतीतल्या फक्त सर्वात लहान खोबणीच त्याच्या मापाच्या जवळपास येतात, बाकीच्या त्याहून मोठ्या. अँटनीची जहाजं अवजड होती हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि इथे हाताने मापणं वेगळं. इतकं धूड वेगात आणायला पूर्ण संख्येने आणि सरावलेले वल्हेकरी लागतात, नेमके तेच नव्हते. प्लुटार्कच्या वर्णनात टकरा फारशा नाहीतच: अँटनीच्या जहाजांना वेग धरता येत नव्हता, ऑक्टेव्हियनची जहाजं त्या ब्राँझसमोर जायचं टाळत होती, आणि तीन-चार जहाजं मिळून एकाला घेरून भाले, लांब काठ्या, पेटते बाण वापरत होती.

भिंतीवरचा लॅटिन लेख तुकड्यांत उरलाय. त्यात नेपच्यून आणि मार्स यांना अर्पण आहे, जमिनीवर आणि समुद्रावर शांतता प्रस्थापित केल्याचा दावा आहे. हाती आलेल्या मजकुरात अँटनीचं नाव कुठेच नाही. रोमनांनी रोमनांशी केलेलं युद्ध या लेखात ‘प्रजासत्ताकासाठी लढलेलं’ झालं. हे वाचून मगच संग्रहालयात जा. तिथे वरच्या गच्चीवरच्या वेदीचे संगमरवरी शिल्पपट आहेत, त्यात विजयरथावर ऑक्टेव्हियन आणि सोबत दोन मुलं. ती क्लिओपात्राची जुळी की दुसरी कोणी, यावर मतभेद आहेत. टेकडी न पाहता आधी संग्रहालय केलंत तर हे पट नुसते सुंदर तुकडे वाटतील.

वेळेबाबत. खोबणींची खोली डोक्यावरच्या उन्हात कळत नाही, तिरकं ऊन लागतं, म्हणून सकाळ बरी. पण वारा समजून घ्यायचा तर दुपारपर्यंत थांबा. उन्हाळ्यात इथे सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटून पुढे वायव्येकडून वाहू लागतो. अँटनीने शिडं जहाजांवर चढवून घेतली होती, एरवी लढाईला जाताना ती किनाऱ्यावर ठेवत. क्लिओपात्राची साठ जहाजं रांगेतून निसटून दक्षिणेला गेली ती याच वाऱ्यावर. शिडांची ही तयारी पाहता तो पळ ऐनवेळचा नसून कोंडी फोडायचा आधीच ठरलेला बेत होता, हे मत जास्त पटतं.

स्मारकाचा परिसर त्या दिवशी उघडा आहे का, हे आधी विचारून घ्या. पाणी जवळ असू द्या आणि गाडी ठेवा, कारण टेकडी, जुनं शहर आणि संग्रहालय एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ नाहीत. निकोपोलिसची तटबंदी डोळ्यांत भरते, पण ती बरीच नंतरची आहे, ऑक्टेव्हियनची समजू नका. ओडिऑन, म्हणजे छोटं रोमन नाट्यगृह, मात्र नक्की पाहा. अ‍ॅक्टियमचं टोक वेळ उरला तरच, समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे जाता येतं. आणि प्रेवेझाच्या लढाईची माहिती समोर आली तर साल तपासा: याच पाण्यात १५३८ साली ऑटोमन सेनानी बार्बारोसा आणि ख्रिस्ती राष्ट्रांच्या संयुक्त आरमाराचा सेनानी आंद्रेआ दोरिया यांच्या आरमारांचीही लढाई झाली होती.