बांधावरचा 4 इंची पर्जन्यमापक: खारपाणपट्ट्यातल्या पावसाला पुरतो का?

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमीन सपाट, माती काळी आणि खोल, अन् विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट. पिकाला ते चालत नाही. त्यामुळे खारपाणपट्ट्यातली तूर, सोयाबीन, कपाशी बहुतेक पावसाच्याच भरवशावर. इथे 1 मिमी पाऊस म्हणजे एकरी साधारण 4,000 लिटर पाणी. मापात 10 मिमीची चूक झाली, तर एकरामागे 40,000 लिटरचा हिशेब चुकला.

महसूल मंडळाचा आकडा मोबाइलवर मिळतो, पण एका मंडळात कितीतरी गावं असतात. मिरगाचा पाऊस तर गडगडाटी ढगांचा; नाल्याच्या अलीकडचं वावर भिजतं आणि पलीकडे धूळ उडत असते. भरपाईसाठी अतिवृष्टीचा दिवसाला 65 मिमीचा निकष मंडळाच्या नोंदीवरच लागतो, तिथे घरच्या मापाला किंमत नाही. तिफण मात्र आपल्या वावरातल्या ओलीवर जुंपायची असते, म्हणून माप आपल्याच बांधावर हवं.

बाजारात दोन प्रकार जास्त दिसतात. पहिला, पाचरीच्या आकाराची उघड्या तोंडाची छोटी नळी. ही स्वस्त असते, पण घेऊ नये. तोंड लहान असल्याने तिरप्या पावसात चुकते, आणि झाकण किंवा नरसाळं नसल्याने दुपारच्या उन्हात मोजायच्या आधीच पाणी उडून जातं. दुसरा, 4 इंच म्हणजे साधारण 10 सेमी तोंडाचा दुहेरी दंडगोल: वर नरसाळं, आत बारीक नळी, बाहेर मोठं भांडं. महाग पडतो, पण पैसे याच्यावरच घालावेत.

यातली खुबी आतल्या नळीत आहे. तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या एक दशांश असल्यामुळे 1 मिमी पाऊस नळीत 10 मिमी उंच दिसतो आणि 0.2 मिमीची रेघसुद्धा वाचता येते. नळी 25 मिमीला भरते. पुढचं पाणी बाहेरच्या भांड्यात सांडतं. एकूण साधारण 280 मिमी मावतं. हवामान खातं 24 तासांतल्या 204.4 मिमीच्या वरच्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं, म्हणजे इथल्या झडीला हे माप पुरून उरतं.

आणल्या आणल्या एक परीक्षा करा. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, 0.785 ने गुणा आणि 10 ने भागा. येतील तितके मिलिलिटर म्हणजे 1 मिमी पाऊस. तोंड बरोबर 10 सेमी असेल तर 7.85 मिलि. सिरिंजने 78.5 मिलि पाणी हळूहळू ओता. पाणी 10 च्या रेघेवर यायला हवं. 9.5 किंवा 10.5 दाखवलं तर नळी परत करा, कारण छापील पट्टी चुकीची असेल तर ती चूक प्रत्येक नोंदीत येत राहते. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवा. पाण्याच्या कडा नळीला धरून वर चढलेल्या दिसतात. मोजायचा तो मधला खोलगट तळ.

बसवण्यात सगळ्यात जास्त घोळ काळी मातीच घालते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जूनमध्ये तीच माती फुगते, आणि मे मध्ये सरळ रोवलेला खांब जुलैत एका अंगाला कलतो. खड्डा 60 सेमी खोल घ्या, खांबाभोवती माती न भरता मुरूम आणि गिट्टी ठोकून भरा. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर तोंडावर पाणसळ ठेवून पाहा. खांबाचं डोकं तिरकं कापा आणि मापकाचं तोंड त्याच्या 10 ते 15 सेमी वर ठेवा, नाहीतर खांबावर आपटलेले थेंब उडून आत येतात.

उंचीबद्दल गैरसमज फार. वेधशाळेच्या प्रमाण मापकाचं तोंड जमिनीपासून 30 सेमीवर असतं. आपला मापक मुळातच त्याहून लांब, म्हणून तोंड 50 ते 60 सेमीवर ठेवावं. छातीएवढ्या उंचीवर वाचायला सोपं जातं खरं, पण तिथे वारा जास्त, थेंब तोंडावरून पुढे निघून जातात आणि नोंद कमी येते. झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. तुरीचा विसर तर पडतोच पडतो. जूनमध्ये मापकाशेजारी वीतभर असलेली तूर सप्टेंबरअखेर पुरुषभर वाढते आणि हस्ताच्या सरी अडवते. म्हणून तुरीचं सगळ्यात जवळचं तास, म्हणजे ओळ, निदान 4 मीटरवर हवं.

नोंद रोज सकाळी 8:30 वाजता घ्या आणि त्याच तारखेखाली लिहा. मंडळाच्या आकड्याशी जुळवायला तीच वेळ हवी. 25 च्या वर पाऊस झाला की घाईत चूक होते: आतली नळी काठोकाठ दिसते, वहीत 25 लिहिले जातात आणि बाहेरच्या भांड्यातलं पाणी फेकलं जातं. आधी नळी रिकामी करा, मग बाहेरचं पाणी नरसाळ्यातून तिच्यात ओतत मोजा आणि सगळी बेरीज लिहा. 2.5 मिमीच्या खालचा दिवस हवामान खातं पावसाचा धरत नाही, पण वहीत तोही असू द्या. खंड किती दिवसांचा पडला हे त्यावरूनच कळतं.

सोयाबीनसाठी पेरणीआधी 75 ते 100 मिमी पाऊस व्हावा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. ही बेरीज मापक चोख देतो, ओलीची खोली मात्र देत नाही. दोन तासांत 80 मिमी कोसळला तर या चिकण मातीत बराचसा वाहून जातो. बेरीज भरली तरी सब्बल मारून ओल बघा आणि वापसा आल्यावर, म्हणजे चिखल निवून माती पेरण्याजोगी झाल्यावरच पेरा. दुबार पेरणीची पाळी बहुतेक वेळा इथेच चुकवता येते.

फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीसाठी नरसाळं आणि आतली नळी काढून ठेवा, म्हणजे गारा थेट मोठ्या भांड्यात पडतील. नरसाळ्यावरून त्या उसळून बाहेर जातात. मोजताना मोजून घेतलेलं कोमट पाणी घाला, गारा विरघळल्या की सगळं मोजा आणि घातलेलं पाणी वजा करा.

बॅटरीवरच्या डिजिटल मापकात छोटी वाटी भरली की उलटते, आणि अशा प्रत्येक उलटण्याला तो ठरलेलं माप धरतो. जोराच्या सरीत वाटीचं उलटणं मागे पडतं आणि आकडा कमी येतो. मजुरी वाचते, भरवसा कमी.

4 इंची मापकाच्या कमतरता तीन. उन्हाने प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ होतं. 45 अंशांच्या उन्हात मापक बांधावर ठेवूच नका, अवकाळीचा इशारा आला की तेवढ्यापुरता बाहेर काढा. नरसाळ्याच्या भोकात कडुलिंबाची पानं आणि कोळ्याचं जाळं अडकतं; मिरगाआधी आणि मग दर रविवारी काडी घालून पाहा. शेवाळ आलं तर मऊ फडक्याने पुसा. राख किंवा माती लावून घासलं की आकडे जातात. कोरीव आकड्यांची नळी मिळाली तर तीच घ्या, आणि आतली नळी एक जादा आणून ठेवा, कारण हातातून निसटून फुटते ती तीच.